दहा ग्रॅम कमी करायचेत

तीस ग्रॅमचं शिसं वीस ग्रॅमचं करायचं, बास, एवढंच काम होतं माझं. गळाला लावायचं वजन हो, दुसरं तिसरं काय नाही. माझ्याकडं ॲल्युमिनियमचा दोन भागांचा साचा आहे, मध्ये ३ एमएमची पिन उभी राहते म्हणजे दोरा ओवायला भोक आयतंच मिळतं, वरनं वितळलेलं शिसं ओतलं की १२ एमएम जाड आणि २५ एमएम लांब नळी निघते, वजन तीस ग्रॅम. पावसाळ्यात हे झकास चालतं, कारण तेव्हा कृष्णेला ओढ असते आणि हलकं काही टाकलं की ते थेट नरसोबाच्या वाडीला दर्शनाला निघतं. पण एप्रिल-मेमध्ये हरिपूरला, वारणा येऊन मिळते तिथं, पाणी इतकं निवांत असतं की तीस ग्रॅम गाळात जाऊन बसतं ते बसतंच, आणि मासा आमिष तोंडात घेतो, ओझं जाणवलं की सोडून देतो. (मगरीला असलं काही जाणवत नाही, म्हणून आम्ही काठापासून जरा लांबच बसतो.)

विकत का आणत नाहीस, हे बायकोनं विचारलं, मेव्हण्यानं विचारलं, दूधवाल्यानंसुद्धा विचारलं. अहो दुकानात पाच ग्रॅमचं आहे नाहीतर पन्नासचं. मधलं मागितलं की दुकानदार म्हणतो मागवतो, आणि तो कधीपासनं मागवतोच आहे.

आता आमच्या शेजारी आप्पा राहतात. विट्याकडचे. त्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात अख्ख्या देशात पांगलीत, तसे आप्पापण उभं आयुष्य तामिळनाडूत सोनं-चांदी गाळून आता रिटायर होऊन सांगलीला आलेत. घरात करायला काही नाही, त्यामुळं माझ्या अंगणात चूल दिसली की कंपाउंडवरनं डोकं वर येतंच.

"शिसं कितीला वितळतं रं?"

"३२७ डिग्रीला, आप्पा."

"सोनं १०६४ ला. ३२७ म्हंजे काय लगा, आमच्या भट्टीशेजारी नुसतं ठेवलं तरी लाजून पाघळंल."

मग त्यांनी विचारलं की साच्याला हात कशाला लावतोस, धातूच बदल की, कथील ओत. आता माणूस धातूतला असल्यामुळं एकदम उडवून पण लावता येईना, म्हणून गणित मांडलं. शिशाची घनता ११.३४, कथलाची ७.३, म्हणजे त्याच साच्यात निव्वळ कथील ओतलं तर सव्वाएकोणीस ग्रॅम भरतं. उत्तर जवळजवळ बरोबर! फक्त कथील शिशाच्या कितीतरी पट महाग, आणि माझी निम्मी वजनं तर नदीतल्या दगडांतच अडकून राहतात, म्हणजे मी मासे पकडायच्या नावाखाली कृष्णामाईला कथलाचा नैवेद्य दाखवत बसलो असतो. मेव्हणा म्हणाला मग ॲल्युमिनियम ओता दाजी, एकदम हलकं. साचा कशाचा आहे? ॲल्युमिनियमचाच. ॲल्युमिनियम वितळतं ६६० ला. साचा आणि वजन हातात हात घालून एकच होऊन बाहेर आले असते.

तर साच्यातली पोकळीच लहान करायची. कुपवाडच्या एमआयडीसीत एक ओळखीचे लेथवाले मिस्त्री आहेत, त्यांनी साचा असा उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "वरनं साडेआठ एमएम उडवून टाकू, चहा येईपर्यंत काम हुतंय." हिशोब त्यांचा बरोबर होता. लांबी २५ वरनं साडेसोळाच्या आसपास आणली की वीस ग्रॅम. पण साच्याला एकदा कातरी लावली की तीस ग्रॅम कायमचं गेलं, पुन्हा जुलै आला की कुणाच्या तोंडाकडं बघायचं? दुसरा उपाय म्हणजे पिनच जाड करायची. ३ च्या जागी ७.४ एमएमची पिन घातली की वीस ग्रॅम जमतं, कागदावर. प्रत्यक्षात नळीची भिंत राहते सव्वादोन एमएम, आणि साचा जरा गार असला की एवढ्याशा फटीत खाली उतरायच्या आधीच शिसं गोठतं, मग निघते ती नळी नाही, तिचं वरचं टोक.

तिसरा उपाय, तळाला साडेआठ एमएमची चकती टाकायची. साचा उघडला की चकती पडते. तापलेली. जनरली चपलेवर. म्हणून मी म्हटलं मिस्त्री, चकती आणि पिन एकच करा, म्हणजे ३ एमएमची पिन आणि तिच्या पायाशी बारा एमएमची कॉलर, साचा बंद केला की कॉलरनं तळ व्यापला, उघडला की सगळं पिनीबरोबर बाहेर, आणि पावसाळ्यात जुनी पिन घातली की साचा परत होता तसा. मिस्त्री जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पिनीला वरच्या अंगाला बारीक होत जाणारा टेपर देतो. शिसं गार होताना आकसतं आन् पिनीला मिठी मारतं, मग पकडीनं वढत बसशीला." हा सगळ्या प्रकरणात मला मिळालेला एकमेव कामाचा सल्ला, आणि तो फुकट.

शिसं मात्र फुकट नाही. चाकाच्या बॅलन्सिंगला लावतात ती जुनी वजनं एका टायरवाल्याकडनं बादलीभर आणली. ह्यात भानगड अशी की हल्ली सगळी वजनं शिशाची नसतात, काही जस्ताची असतात, काही लोखंडाची. घाबरायचं कारण नाही, कारण जस्त वितळतं ४१९ ला, म्हणजे आच बेतानं ठेवली तर शिसं पातळ होतं आणि जस्ताचे तुकडे आणि लोखंडी क्लिपा वर तरंगतात, त्या झाऱ्यानं काढून टाकायच्या. (झारा भंगारातला, कढई भंगारातली. शिसं विषारी आहे, ज्या भांड्यात ते एकदा वितळलं ते भांडं पुन्हा घरात आणायचं नाही, ह्यावर आमच्या घरात एकमत आहे आणि ते बायकोचं आहे.) मी गॉगल घालून, उघड्यावर, पोरांना मामाकडं पाठवून, बारीक आचेवर हळूहळू चाललो होतो, तेवढ्यात हातमोजे विसरले म्हणून आत गेलो. एवढाच अवकाश आप्पांना पुरला. असल्या मरतुकड्या आचेचा त्यांना अपमान वाटला असणार. मी बाहेर येतो तर गॅस फुल्ल, आणि तरंगणारं जस्त गायब.

"कुठं गेलं?"

"विरघळलं. अशी आच पायजे!"

शिशात जस्त मिसळलं की संपलं सगळं. कढईत गाठी झालेलं पिठलं तयार होतं, ते साच्यात नीट उतरत नाही आणि उतरलं तर कडा भरत नाहीत. ती कढई अजून मागच्या भिंतीला टेकून उभी आहे, आप्पा तिच्याकडं बघत पण नाहीत.

पुढच्या वेळी एकेक वजन चिमट्यानं कापून बघितलं. शिसं मऊ असतं, चिमटा आत रुततो, जस्ताला साधा ओरखडा पडतो. मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळलं, भप्पकन जाळ होतो पण वरची राखाडी साय सुटते. साच्याला आतनं मेणबत्तीची काजळी धरली, म्हणजे शिसं सरसर उतरतं, आणि साचा आधी कढईच्या काठावर ठेवून तापवला. थंड राहिला तर सुरकुत्या पडतात, ओला राहिला तर पाण्याची झटक्यात वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. ओतलं. उघडलं. पिन हलकेच सुटली, मिस्त्रीचा टेपर!

आता वजन. घरच्या काट्यावर शिसं ठेवायला मनाई, म्हणून सराफ कट्ट्यावर वर्गमित्राच्या पेढीत गेलो. त्यानं गंभीर चेहऱ्यानं तुकडा काट्यावर ठेवला, वीस आणि वर पॉइंटमध्ये काहीतरी, आणि सवयीनं विचारलं, "घडणावळ किती बसली?"

मी पेट्रोल, गॅस, मिस्त्री, दोन कढया, सगळं धरून सांगितलं.

"ह्यात चांदीच ओतली असती की लेका. चांदी शिशापेक्षा हलकीच असते."

असते, घनता साडेदहा, तीस ग्रॅमच्या साच्यात पावणेअठ्ठावीस भरते, पण हे मी घरी येऊन बोललो हीच पंचाईत झाली, कारण कंपाउंडवर डोकं होतंच.

"मी पहिल्यापासनं काय म्हनतोय?" आप्पा म्हणाले. "धातू बदल."