पंपानं एअर धरला

अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये घराला स्विमिंग पूल कशाला लागतो असं कुणी विचारू नये. 2023 च्या उन्हाळ्यात इथे सलग 31 दिवस रोजचं कमाल तापमान 110 फॅरनहाइट, म्हणजे आपलं 43 सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर होतं. त्यामुळे पूल ही चैन वगैरे नाहीये. फक्त आमच्याकडे वाटणी अशी झालीये की पूल घरातल्या सगळ्यांचा आणि पंप माझ्या एकट्याचा. पाण्यात पान पडलं तरी कार्टी टॉवेल गुंडाळून आत येतात, "बाबा, पान" एवढं सांगतात आणि फ्रीज उघडतात.

तर झालं असं की आम्ही बाहेरगावी गेलो होतो आणि इकडे ऑटोफिलचा, म्हणजे पूल आपोआप भरणाऱ्या नळाचा, फ्लोट अडकला. इथल्या कोरड्या उन्हात पाणी रोज पाव इंच तरी उडतं, कधी त्याहून जास्त, आणि नवीन पाणी येत नाही म्हटल्यावर लेव्हल गेली स्किमरच्या, म्हणजे काठावरून पंपाकडे पाणी ओढून घेणाऱ्या खिडकीच्या, तोंडाखाली. पंप बिचारा टायमरवर ठरल्या वेळी चालू व्हायचा आणि इमानदारीत हवा ओढत बसायचा. आम्ही आलो तेव्हा पाण्याला कोवळ्या मेथीचा रंग आलेला होता. बायको म्हणाली, "छान दिसतंय ना, तळ्यासारखं." मी काही बोललो नाही.

पूल भरला, फ्लोट सोडवला, पंप लावला. आवाज जोरात पण काम शून्य. स्ट्रेनरच्या, म्हणजे पंपाआधी कचरा अडवणाऱ्या डब्याच्या, पारदर्शक झाकणातून बघितलं तर आत अर्धंच पाणी आणि त्यात नुसता बुडबुड्यांचा गोंधळ, फिल्टरवरचा प्रेशरचा काटा एरवी पंधरा पीएसआयच्या आसपास असतो तो चारवर लोळतोय. काट्याचं एक बरं असतं, तो खोटं बोलत नाही. वर गेला तर फिल्टर तुंबलाय, खाली आला तर पंपाला पाणीच पुरत नाहीये, मग अलीकडे कुठेतरी कचरा अडकलाय नाहीतर हवा शिरतीये. बास्केट काढली, त्यात पालो वर्दे झाडाची ती मुंगीएवढी पानं होती, झटकली. झाकणाची ओ-रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं (व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं). काटा चारवरच.

मग एक टेक्निशियन बोलावला. तो आला, गॉगल न काढता पंपाकडे बघितलं आणि म्हणाला, नवीन व्हेरिएबल स्पीडचा बसवा, आणि फोनवर असा आकडा दाखवला की मी आधी खुर्ची शोधली. त्याचं गणित तसं चूक नव्हतं, स्पीड निम्मा केला की वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते, हे खरंय. पण अहो, मोटर धडधाकट फिरतीये, तिला फक्त पाणी मिळत नाहीये! तहान लागलेल्याला पाणी द्यायचं सोडून नवीन माणूस आणा म्हणण्यातला प्रकार. चहा न देताच त्याला वाटेला लावला.

इथले संध्याकाळचे साडेसात म्हणजे सांगलीकडे पलूसला सकाळचे आठ. अण्णांना व्हिडिओ कॉल केला. अण्णांचं अख्खं आयुष्य उसाला पाणी पाजण्यात गेलं, विहिरीवरची मोटर ते नुसत्या आवाजावरून ओळखतात. मी फोन पंपाजवळ धरला. दोन सेकंदात निकाल.

"एअर धरलाय की रं त्यानं. फूटव्हॉल्व्ह बघितलास का?"

"अण्णा, याला फूटव्हॉल्व्ह नसतो."

"मग ग्लँडची दोरी?"

"ती पण नसते."

"मग हाय काय त्यात?" थोडा विचार करून म्हणाले, "शेणकाला वत. बारीक लीक असंल तर बंद हुतंय."

मी खरंच सेकंदभर विचार केला. शेण मिळालंही असतं, गावाबाहेर डेअऱ्या आहेत. पण त्याच्या पाठोपाठ सोसायटीची नोटीसही मिळाली असती, ती माणसं कचऱ्याचा डबा रस्त्यावर राहिला तरी पत्र पाठवतात.

शेवटी शेव्हिंग फोम आणला. चालू पंपाच्या सक्शनकडच्या एकेका जॉइंटवर फासायचा आणि बघत बसायचं, हवा जिथून आत शिरते तिथे फोम ओढला जातो. "दाढीचा साबण पंपाला?" अण्णा तिकडून. झाकणाला काही नाही, व्हॉल्व्हला काही नाही. पंपाच्या तोंडाशी जिथे पाइप आट्यांनी बसतो तिथे मात्र फोमला बारीकशी खळी पडली आणि बघता बघता खोल गेली. "हितंच हाय! हितंच!" अण्णा एवढे ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकला. कोरडा चालून पंप तापला होता, त्या धगीनं पीव्हीसीच्या आट्या आक्रसल्या होत्या, विषय संपला.

पाइप कापला, तापमान सोसणारं नवीन युनियन (खोलता येणारा जोड) टेफ्लॉन गुंडाळून बसवलं, सोल्युशन लावलं, वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी स्ट्रेनर काठोकाठ भरला, झाकण आवळलं, फिल्टरवरचा हवेचा नळ उघडला आणि स्विच दाबला. आधी नुसती फुसफुस, मग खाकरल्यासारखं काहीतरी, आणि मी वाकून बघतोय तोवर पाण्याची चिळकांडी थेट चष्म्यावर. काटा पंधरावर! क्लोरीन टाकलं, ब्रश मारत बसलो, हळूहळू तळ दिसायला लागला. मुलांनी पायाचा अंगठा बुडवला, "पाणी गरम आहे" म्हणाली आणि एसीत परत गेली.

अण्णांना फोनवर सगळं फिरवून दाखवलं. इथून पाणी ओढतो, या फिल्टरमधून जातं, आणि हे बघा, या भोकातून जोरात बाहेर. अण्णा खूश. मग म्हणाले, "आन् बाहेर पडून जातंय कुठं?"

"परत पूलमध्येच."

बराच वेळ तिकडून आवाज नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"म्हंजी हितलंच पानी काढून हितंच वततोयस?"