डाएट चार्ट दिला, पण खायचं कुठून?
लेखात म्हटलंय की क्षयरोगाच्या रुग्णाने ‘प्रथिनयुक्त, सकस आहाराकडे दुर्लक्ष करू नये’. दुर्लक्ष कोण करतंय हो? माझा धाकटा दीर हडपसरला सिक्युरिटीत आहे, बारा तासांची ड्युटी. टीबी निघाला तेव्हा एका खाजगी दवाखान्यातून छापील चार्ट मिळाला. त्यात ओट्स, पनीर आणि चक्क अॅव्होकॅडो! जाऊबाईंनी तो घडी करून मिसळणाच्या डब्याखाली सरकवला तो कायमचाच. शेवटी वजन वाढलं ते मोड आलेल्या मटकीने, रोजच्या दोन अंड्यांनी आणि शेंगदाण्याच्या लाडवांनी. गोळ्यांनी मळमळायचं, ताट बघवायचं नाही. मग ती दर दोन तासांनी वाटीभर काहीतरी पुढे करायची, नाचणीची आंबील नाहीतर मऊ खिचडी.

टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकारकडून पैसे मिळतात त्या निक्षय पोषण योजनेचा लेखात उल्लेखच नाही, याचं नवल वाटलं. आधी महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणजे दिवसाला ३३ रुपये. त्यात अंडी आणि मूठभर शेंगदाणे बसतात, डाळ-तेल नाही. त्यातून ते खात्यात वेळेवर पडायला हवेत. आमचे पहिले पैसे आले तेव्हा उपचाराचा तिसरा महिना संपत आला होता. झारखंडमधल्या रॅशन्स अभ्यासात (२०२३) पैसे नाही, थेट शिधाच घरी दिला होता, घरातल्या इतरांनाही. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. गोळ्यांच्या पाकिटाबरोबर डाळ-शेंगदाण्याची पिशवी द्यायला आपल्या पुण्यात काय अडचण आहे?