‘सगळ्या बाजूंनी चार इंच मोकळं ठेवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ऑनलाइन कंपन्या आता मशीनने वस्तूच्या मापाचा खोका बनवतात, त्यात वस्तू दाबली जाते, माल कमी भरतात, नोकऱ्या जातात आणि युरोप या मशीनवर बंदी आणतोय. शेवटी घरून माल पाठवणाऱ्यांना सल्ला: ‘सगळ्या बाजूंनी चार इंच मोकळी जागा राहील असाच खोका घ्या. भाडं वजनावर असतं, खोक्यावर नाही.’ सांगलीहून लोणची पाठवणाऱ्या आमच्या वहिनींनी तो वाचून मोठ्या खोक्यांचा गठ्ठा मागवलाय.

या सल्ल्याने थेट नुकसान होतं, म्हणून आधी तोच घेऊ. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त भरेल त्यावर भाडं लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी 5000 ने भागायचं, की आकारमानाचं वजन किलोत येतं. अर्ध्या किलोच्या लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या शेजारी ठेवल्या तर माप साधारण 20×10×12 आणि काचेसकट वजन दीड किलोच्या आसपास. सगळ्या बाजूंनी चार इंच, म्हणजे 10 सेंमी सोडले की खोका झाला 40×30×32. भागाकार 7.68 किलो. हेच सगळीकडे 3 सेंमी सोडले तर 26×16×18, म्हणजे 1.5 किलो. माल तोच, आणि भाडं पाचपट वजनाचं.

बरं, एवढं भाडं भरून बरणी वाचते का? उलट फुटते. पाऊण मीटरवरून पडलेला खोका जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 3.8 मीटरच्या आसपास असतो. खोका थांबतो, आतली बरणी त्याच वेगाने पुढे जाते आणि भिंतीवर आदळते. मोकळी हवा धक्का शोषत नाही. धक्का शोषतं ते दबणारं साहित्य. पोकळीत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे ट्रकच्या हादऱ्यांनी बसतात आणि सांगलीत घट्ट भरलेला खोका पुण्यात खुळखुळतो. शिवाय वरून पोकळ असलेल्या खोक्यावर दुसरा ठेवला की झाकण आत जातं. प्रत्येक बरणीला बबल रॅपचे दोन वेढे, दोघींच्या मध्ये पुठ्ठ्याची उभी पट्टी, तळाशी, वर आणि बाजूंना चुरगळलेला क्राफ्ट कागद ठासून. टेप लावण्याआधी खोका हलवून बघायचा. आवाज आला तर अजून भरायचं.

आता ‘मशीन वस्तू दाबतं’. नाही. पट्ट्यावरून जाणाऱ्या वस्तूचं माप सेन्सर प्रकाशाने घेतात. मग घड्या घालून रचलेल्या सलग पुठ्ठ्यातून, ज्याला फॅनफोल्ड म्हणतात, तेवढाच तुकडा कापला जातो, त्यावर घडीच्या रेघा पडतात, तो वस्तूभोवती दुमडतो, गरम गोंदाने किंवा टेपने बंद होतो आणि लेबल लागतं. खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत, त्या मेसेजवाल्याला माहीतही नाहीत. चकचकीत काळं वेष्टन किंवा पारदर्शक प्लास्टिक सेन्सरला फसवतं, माप कमी येतं आणि खोका बंद न होता मशीन अडतं. फॅनफोल्डची मूळ घडी नेमकी खोक्याच्या भिंतीत आली तर ती भिंत कमजोर होते. दमट गोदामात पुठ्ठा वाकतो. आणि एक गोष्ट मान्य करावीच लागेल: उघडी काच या मशीनला तशीच देऊ नये. ते मापाचा खोका करतं, धक्क्याचं अस्तर घालत नाही. ते आधीच घातलेलं हवं.

युरोपची बंदी? युरोपीय संघाचा पॅकेजिंग नियम 2025/40 वाचा, कलम 24. ऑनलाइन ऑर्डरच्या खोक्यात रिकामी जागा जास्तीत जास्त 50 टक्के, अशी मर्यादा 2030 पासून येऊ घातली आहे. कागदाचे बोळे, हवेच्या पिशव्या, बबल रॅप हेही त्यात रिकामी जागा म्हणूनच मोजायचे. म्हणजे नियम मोठ्या खोक्यांना आवरतोय आणि या मशीनची मागणी वाढवतोय.

माल कमी भरण्याचा संबंध बाहेरच्या खोक्याशी नाहीच. निव्वळ वजन किंवा नग आतल्या वेष्टनावर छापलेले असतात, ते तपासा.

नोकऱ्यांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. नेदरलँड्सच्या स्पार्क टेक्नॉलॉजीजचं सीव्हीपी इम्पॅक हे मशीन एका माणसाच्या हाताखाली तासाला 500 पर्यंत खोके बांधतं, असं कंपनीच सांगते. तेवढं काम करणारी पॅकिंगची टेबलं तिथे कमी होणारच. पण त्याचा राग वहिनींच्या भाड्यावर का?

वहिनी, ते 40×30×32 चे खोके आलेच असतील तर फेकू नका. चारही उभे कोपरे वरून 14 सेंमी खाली कापा, तिथे पट्टी धरून बोथट सुरीच्या पाठीने रेघ दाबा आणि दुमडा. झाकणाचे पंख एकमेकांवर जेवढे चढतील तेवढा भाग छाटा. तो पुठ्ठा बरण्यांच्या बाजूला भरायला वापरा. उंची 18 झाली की आकारमानाचं वजन 7.68 वरून 4.32 वर येतं. एका खोक्यात दोनऐवजी चार बरण्यांची ऑर्डर जात असेल, तर आधी तीच त्यात भरा.