‘मिडीचा आवाजच चिरका’: फिरत्या मेसेजमधला एकेक मुद्दा

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा सिझन लागतो, गावोगावी सप्ताह आणि भजनस्पर्धा सुरू होतात, आणि वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिडीबद्दलचा, म्हणजे संगणकावर वाद्यं वाजवायच्या नोटांच्या फाइलींबद्दलचा, एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं. मिडी फाइलचा आवाज मुळातच चिरका असतो. ती ‘एचडी’त कन्व्हर्ट केल्याशिवाय कामाची नाही. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे वाद्यांचे आवाज काढणारा प्रोग्रॅम, चालवायचा तर भारी मशीन आणि साउंड कार्ड लागतं. एकच फाइल दोन ठिकाणी वेगळी वाजली म्हणजे ती बिघडलेली आहे. आणि आपलं संगीत मिडीत बसतच नाही. खाली पैसे घेऊन कन्व्हर्ट करून देणाऱ्याचा नंबर. ज्या मंडळाकडे पेटी, खंजिरी, टाळ आणि एक जुना लॅपटॉप एवढंच आहे, त्याला हा मेसेज नको तिथं खर्चात घालतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आवाज चिरका असतो म्हणे

मिडी फाइलीत आवाज नसतोच. भजनाच्या वहीत शब्द असतात, कुठं धृपद पलटायचं त्याची खूण असते. गळा मात्र बुवांचाच. फाइलीचं तसंच आहे. आत जे लिहिलेलं असतं ते जवळून पाहिलं तर असं दिसतं: १४४, ६०, १००. पहिला आकडा सांगतो, ‘पहिल्या चॅनेलवर सूर सुरू कर’. दुसरा सांगतो कोणता सूर; ६० म्हणजे मधला सी, पेटीवरची मधल्या सप्तकाची पांढरी एक. तिसरा सांगतो किती जोरात, ० ते १२७ मधलं १००. त्याआधी ‘मागच्या घटनेनंतर किती वेळानं’ हा एक आकडा असतो आणि पुढं कधीतरी सूर सोडण्याची आज्ञा येते. या आज्ञांची पद्धत १९८३ची आहे आणि आजही तीच चालते. चार मिनिटांच्या गाण्याची फाइल त्यामुळे काही केबीत मावते. तेच गाणं सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलीत सुमारे ४२ एमबी होतं.

मग तो चिरका आवाज येतो कुठून? विंडोजमध्ये फाइलवर डबल क्लिक केलं की मायक्रोसॉफ्टचा आतला सिंथ वाजतो. १२८ वाद्यं आणि ड्रमचा सेट, सगळे आवाज मिळून साडेतीन एमबीच्या आत कोंबलेले. लोक ज्याला मिडीचा आवाज म्हणतात, तो या एका सिंथचा आवाज आहे.

खात्री करायला एक संध्याकाळ पुरते. रीपर हा डीएडब्ल्यू, म्हणजे ट्रॅकवर गाणं रचायचं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. ६० दिवस तो पूर्ण चालवून पाहता येतो. जनरलयूजर जीएस हा फुकट साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा संच, घ्या, साधारण ३० एमबीचा. तो वाजवायला स्फोर्झांडो हा फुकट प्लेअर टाका. मिडी फाइल ओढून रीपरमध्ये सोडली की वेगवेगळ्या ट्रॅकवर पसरवायची का, असं तो विचारतो, हो म्हणा. टेम्पो फाइलीतून घ्यायचा का विचारलं तर त्यालाही हो म्हणा. आता प्ले दाबलं तर नोटा दिसतात, कर्सर पळतो आणि आवाज शून्य. इथंच बहुतेक जण ‘फाइल चालत नाही’ म्हणून सोडून देतात. ट्रॅकवर अजून वाद्य ठेवलेलं नाही, एवढंच झालेलं असतं. प्रत्येक ट्रॅकच्या एफएक्स बटणावरून स्फोर्झांडो लावा आणि त्यात साउंडफॉन्टमधलं एकेक वाद्य निवडा: बासरीच्या ट्रॅकला फ्लूट, पेटीच्या ट्रॅकला रीड ऑर्गन. स्फोर्झांडोची एक प्रत एकच वाद्य वाजवते, म्हणून दर ट्रॅकला वेगळी प्रत लागते. पूर्ण फुकट हवं असेल तर एलएमएमएस हा डीएडब्ल्यू घ्या. त्यात मात्र सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट साउंडफॉन्ट आधी नेमावा लागतो, नाहीतर आणलेली फाइल मुकीच राहते.

तीच फाइल, तेच आकडे, आणि आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. तरीही गाणं यंत्रासारखं वाटलं तर नोटांचा जोर पाहा. पुष्कळ फाइलींत प्रत्येक नोट १००वर नाहीतर १२७वर बसवलेली असते. असा तर कोणी माणूस वाजवत नाही.

‘एचडी’ कन्व्हर्ट केलं की सुधारतं म्हणे

कन्व्हर्ट करणं म्हणजे कोणत्यातरी सिंथवर फाइल वाजवून तो आवाज पक्का करणं. कन्व्हर्टरच्या पोटात जो साउंडफॉन्ट, तोच आवाज. एमपी३ला ३२० केबीपीएस केलं तरी साडेतीन एमबीच्या सेटमधली सनई नवी होत नाही. उलट कन्व्हर्ट झाल्यावर पट्टी, लय, वाद्य बदलायची सोय हातातून जाते. मिडी फाइलीत गायकाचा आवाजही नसतो, त्यामुळे ‘मिडीतून गायकासकट एचडी गाणं’ मिळेल ही आशा सोडा. रीपरमधला रेंडर, म्हणजे गाणं ऑडिओ फाइल करून काढणं, हेच काम फुकटात करतो, आणि कोणता आवाज लावायचा ते तुमच्या हातात राहतं.

भारी मशीन आणि साउंड कार्ड

इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. कीबोर्ड दाबला आणि सूर लगेच आला पाहिजे, हे काम वेगळं. त्यासाठी बफर, म्हणजे आवाज आधी तयार करून ठेवायची जागा, लहान लागतो: ४४,१०० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात प्रोसेसरनं काम उरकलं नाही तर आवाज तडतडतो. फाइल वाजवताना मात्र पुढची नोट कोणती ते मशीनला आधीच ठाऊक असतं. बफर २०४८ करा, ४६ मिलिसेकंदांचा उशीर कोणाच्या लक्षातही येणार नाही, तडतड थांबेल आणि ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप ३० एमबीचा साउंडफॉन्ट आरामात ओढेल. अनेक जीबींची सॅम्पल लायब्ररी लावायची असेल तर मात्र एसएसडी आणि जास्त रॅम खरोखर लागते, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे.

रेंडरमध्ये तर साउंड कार्डचा संबंधच येत नाही. वेव्ह फाइल प्रोसेसर हिशेब करून लिहितो. हजाराच्या कार्डावर केलेला आणि बिनकार्डाच्या लॅपटॉपवर केलेला रेंडर सारखाच निघतो. चालता चालता अडखळणारा प्रकल्पही रेंडर होताना अडखळत नाही. वेळ जास्त लागेल एवढंच. माइक जोडून रेकॉर्डिंग करायचं असेल तेव्हा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, घ्या.

कार्यक्रमात लॅपटॉपवरून लाइव्ह वाजवण्यापेक्षा आदल्या दिवशी रेंडर करून ठेवावं, हे आमचं स्पष्ट मत. शेवटी घुमणारा आवाज कापला जाऊ नये म्हणून मागं २-३ सेकंद जागा सोडा. लाइन गेली तरी फोनवर फाइल असते. शिवाय लॅपटॉप चार्जरवर ठेवून मिक्सरला लावला आणि बोर्डाला अर्थिंग नसलं की घुंऽऽ असा आवाज येतो. त्याचा दोष सिंथला देतात. चार्जर काढून पाहा; घुमणं थांबलं तर दोष विजेच्या जोडणीत आहे. मध्ये डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरची थेट विजेची जोडणी तोडणारी डबी) लावला की बहुतेक वेळा भागतं.

वेगळी वाजली म्हणजे बिघडली

नाही. फाइलीत वाद्याचं नाव नसतं, नंबर असतो. १९९१च्या जनरल मिडी यादीत सतार १०५, सनई ११२, बासरी ७४, रीड ऑर्गन २१. काही सॉफ्टवेअर १ पासून मोजतं, काही ० पासून. म्हणून तुम्ही लिहिलेला सनईचा ११२ दुसऱ्या ठिकाणी टाकला की घंटी वाजते. एक नंबर इकडे-तिकडे झालाय, बाकी काही नाही. स्वतःचे आवाज असलेल्या सर्जसारख्या सिंथवर तर नंबरावरून सनई यायचीच नाही. त्यात जो आवाज उघडलेला असेल त्याच आवाजात सगळं वाजतं. एखाद्या कंपनीच्या कीबोर्डवर बनवलेल्या फाइलीत बँक, म्हणजे वाद्यांचा वेगळा गट, निवडण्याच्या आज्ञा असतात, कंट्रोलर (सेटिंग बदलणाऱ्या नंबरी आज्ञा) ० आणि ३२. ती बँक तुमच्या साउंडफॉन्टमध्ये नसेल तर ट्रॅक मुका राहतो किंवा भलतंच वाद्य येतं. इव्हेंट यादीत जाऊन त्या दोन आज्ञा काढा आणि वाद्य हातानं निवडा.

लय चुकली तर टेम्पो पाहा. फाइलीत टेम्पो लिहिलेला नसेल तर नियमानं १२० धरला जातो. लिहिलेला असूनही आणताना ‘नाही’ म्हटलं असेल तर डीएडब्ल्यू स्वतःच्या टेम्पोनं वाजवतो. भजनात शेवटाकडे लय चढते, ती चढ सगळी टेम्पोच्या नोंदीत असते. ती राहिली की गाणं सपाट होतं.

सगळ्यात जास्त घोळ पट्टी बदलताना होतो. गायकाला काळी एकऐवजी काळी दोन हवी म्हणून सगळे ट्रॅक निवडून दोन सेमीटोन चढवले, आणि ठेका पार मोडला. कारण १० नंबरच्या चॅनेलवर नोट म्हणजे सूर नसतो, प्रत्येक नोटेला वेगळं तालवाद्य नेमलेलं असतं. ३६वर बास ड्रम आहे. दोननं चढवला की तो ३८, म्हणजे स्नेअर होतो. बंद हाय-हॅट ४२ची ४४ होते, उघडी ४६ची थेट ४८ म्हणजे टॉम. १० नंबर सोडून बाकीचे ट्रॅक चढवा, ठेका जागेवर राहतो.

सूर अडकून राहिला, गिचका झाला, तर ६४ नंबरचा कंट्रोलर पाहा, पेडलचा. फाइल मधून कापताना पेडल सोडल्याची आज्ञा कापली गेली की दाबलेला पेडल तसाच राहतो आणि सूर साचत जातात. ‘लॅपटॉप हँग होतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथं सापडतं.

आपलं संगीत मिडीत बसत नाही म्हणे

यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट पाहू. जनरल मिडीच्या यादीत सतार आणि सनई आहे. पेटी, तबला, ढोलकी, खंजिरी नाही. पण यादीत नाही म्हणजे वाजवता येत नाही असं नव्हे.

मींड घ्या. सूर सरकवण्यासाठी पिच बेंड आहे, ० ते १६,३८३, मध्य ८,१९२. मूळ आवाका दोन्हीकडे २ सेमीटोन. सा ते प म्हणजे ७ सेमीटोन, म्हणून आवाका वाढवावा लागतो, बहुधा १२. १२च्या आवाक्यात पंचम १२,९७१वर येतो. आता चूक कुठं होते बघा: फाइल लिहिणाऱ्यानं १२ धरलं आणि तुमच्या सिंथवर २च राहिलं, तर तोच आकडा सूर जेमतेम सव्वा सेमीटोनच्या आत नेतो. पंचमाला पोचायची मींड कोमल रिषभ ओलांडून तिथंच बसते आणि सगळं बेसूर वाटतं. सिंथच्या सेटिंगमध्ये बेंड रेंज १२ करा. दुसरं, बेंड पूर्ण चॅनेलला लागतो. म्हणून सनई आणि तिच्यामागचा भरणा एकाच चॅनेलवर ठेवलात तर भरणाही सरकतो. सनईला स्वतंत्र चॅनेल द्या.

पेटीत मींड नाही, त्यामुळे ती उलट सोपी. तिथं नोटेच्या जोरापेक्षा भाता महत्त्वाचा. तो ११ नंबरच्या कंट्रोलरनं, एक्स्प्रेशननं, हळूहळू चढवा-उतरवा.

खंजिरीसाठी तुकडोजी महाराजांच्या मुलखात तयार आवाज शोधत बसू नका. यादीत जवळचा म्हणजे ५४, टॅम्बरीन, आणि तो कातड्याची थाप देत नाही. स्वतःची खंजिरी घ्या. पंखा बंद खोलीत, हातभर अंतरावर फोन ठेवून उघडी थाप, बंद थाप आणि नुसती झांज असे तीन बोल, प्रत्येकी हलका, मध्यम, जोरात. नऊ तुकडे झाले. प्रत्येकाच्या सुरुवातीची शांतता काटेकोर कापा. २० मिलिसेकंद राहिली तरी ठेका मागं पडल्यासारखा वाटतो. रीपरमधल्या रीसॅम्पलोमॅटिक या, रेकॉर्ड केलेला तुकडा वाजवणाऱ्या प्लगइनच्या नऊ प्रती एकाच ट्रॅकवर लावा. उघडी थाप ६०वर, बंद ६२वर, झांज ६४वर. जोराचे टप्पे १ ते ५०, ५१ ते ९०, ९१ ते १२७. नोट सोडली तरी थाप पूर्ण वाजेल अशी सेटिंग ठेवा. केरव्याच्या आठ मात्रांत समेला ११०, पाचव्या मात्रेवर खालीला ७५ द्या, मधल्या नोटा पाच-सात अंकांनी वर-खाली करा, आणि ग्रिडला, म्हणजे मात्रांच्या रेघांना, शंभर टक्के चिकटवू नका.

भोंग्यावर वाजवणार असाल तर रेंडर करायच्या आधी मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र, करून ऐका. दोन बाजूंना पसरवलेले काही आवाज मोनोत एकमेकांना खातात. भोंग्यातून खालचे सूर फारसे निघतही नाहीत. बास गिटारचा खालचा ई ४१ हर्ट्झचा, तो तिथं गायबच होतो आणि उरतो तो पातळ आवाज. बासचा ट्रॅक एक सप्तक वर घ्या किंवा खरखरीत आवाजाचा बास निवडा, आणि खंजिरीची झांज थोडी खाली करा, कारण भोंगा तिलाच सगळ्यात पुढं आणतो.