दार न उघडता सगळ्यांना आत कसं घ्यायचं

चर्चच्या ऐक्यासाठी झटणारी एखादी परिषद तुमच्या ताब्यात आली असेल तर पहिली गोष्ट, 'नाही' म्हणायचं नाही, कुणालाच नाही. नाही म्हटलं की बोभाटा होतो, पेपरात येतं. त्यापेक्षा घोंगडं भिजत ठेवा, आणि ते कसं ठेवायचं हे अमेरिकेच्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसकडून शिका. ट्रॉय पेरींनी १९६८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ स्वतःच्या घरात मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च सुरू केलं, मुख्यतः समलिंगी ख्रिस्ती लोकांसाठी. त्यांनी १९८१ ला सभासदत्वाचा अर्ज टाकला. आता असा अर्ज नियमात बसायला लागला ना की खरी पंचाईत होते, कारण नियम आपणच केलेले असतात. मग १९८३ ला परिषदेने काय केलं, तर पात्रतेवरचं मतदानच बेमुदत पुढे ढकललं! फेटाळलं नाही हां. १९९२ ला ते म्हणाले निदान निरीक्षक म्हणून तरी बसू द्या, तर तेही नाकारलं, तिथे मात्र जरा घाई झाली, तुम्ही तसं करू नका.

समजा कुणी घुसलंच आत, तरी घाबरू नका. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसने १९५० मध्येच टोरांटोला लिहून ठेवलंय की सभासद झालात म्हणून बाकीच्या सभासदांनी तुम्हाला पूर्ण अर्थाने चर्च मानलंच पाहिजे असं काही नाही. म्हणजे या, बसा, चहा घ्या, पण घरातले समजू नका.

आणि हो, थिअरी पाहिजेच, थिअरीशिवाय फंड येत नाही. सध्या सीमाप्रदेशाची घ्या, म्हणजे दोन संस्कृतींच्या मधल्या पट्ट्यात जगणाऱ्यांची. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर वाढलेल्या ग्लोरिया अँझाल्डुआ या लेखिकेने १९८७ मध्ये मांडलेली. ती सीमेला उघडी जखम म्हणते, पण बॅनरवर जखम कशी दिसेल, पुलाचा फोटो टाका, छान सूर्यास्तवाला. परिसंवाद तिसऱ्या दिवशी जेवणानंतर ठेवा, म्हणजे अर्धे डुलक्या घेत असतात आणि अर्धे खरेदीला गेलेले. सीमेवरच्या माणसाला सात मिनिटं द्या, गळ्यात 'निमंत्रित पाहुणे'चा बिल्ला घाला. वर्ल्ड कौन्सिलच्या सभांमध्ये पसंतीला नारिंगी आणि नापसंतीला निळं कार्ड दाखवतात, ती पद्धत तुम्हीही जरूर उचला, फक्त पाहुण्याच्या हातात कार्ड पडणार नाही एवढं बघा. त्याने फार सुंदर बोललं तर उभं राहून टाळ्या वाजवा, टाळ्या ठरावात धरत नाहीत.

निवेदन मात्र अधिवेशनाच्या आधीच छापून घ्या, सीमेवरच्या आवाजांनी आम्हाला अंतर्मुख केलं वगैरे, आणि तारखेची जागा मोकळी सोडा, पुढच्या वेळी परत छपाईचा खर्च नको.