फरशी पुसून झाली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

(नाव दिलेलं नाहीत, पण लिहिण्याच्या ढंगावरून ताई म्हणतोय. चुकलं असेल तर सांगा. या आठवड्यात एवीतेवी दुरुस्त्याच चालल्या आहेत.)

तुमची प्रतिक्रिया येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या रात्री तावातावानं लिहिलेलं उत्तर सकाळी मीच पुसून टाकलं. त्यात ‘विनोद विनोदासारखा घ्यावा’ असं एक वाक्य होतं. ज्या उत्तरात हे वाक्य येतं ते पाठवू नये, एवढी अक्कल सकाळच्या चहानंतर येते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चैत्रातल्या कुरडयांपासून संक्रांतीच्या गुळपोळीपर्यंत आमच्या घरात वर्षभर जे गोंधळ झाले, ते मी लिहिले होते. त्यावर या ताईंचे आक्षेप तीन. एक, कुरडयांचं प्रमाण साफ चुकलंय. दोन, कुकर फुटणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. तिसरा त्यांच्याच शब्दांत देतो : “प्रत्येक फजितीत तुम्ही दारात उभे राहून बघताय. निस्तरतंय कोण? आणि पंधरा माणसांचा स्वयंपाक करायला कोकणात जायचं, ह्याला सुट्टी म्हणायची?”

सोपं ते आधी घेतो. परीक्षेतही मी असंच करायचो आणि शेवटच्या प्रश्नाला वेळ पुरायचा नाही.

कुरडयांचं तुमचं शंभर टक्के बरोबर. मी ‘चिकाच्या दुप्पट पाणी’ लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, “दुप्पट पाण्यात कुरडई होत नाही, खळ होते, पोस्टर चिकटवा.” हे मी आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग माझ्यावरच उखडली : “मला विचारायला काय झालं होतं? मी काय परगावी होते?” तिचं प्रमाण असं : जेवढा चिक तेवढंच पाणी, आणि हात जरा आखडताच. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास कुरडईला शेवटपर्यंत सोडत नाही. मग वाटून, पिळून, गाळून चिक काढायचा, रात्रभर स्थिर ठेवायचा आणि सकाळी वरचं निवळ पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं. खाली जो घट्ट पांढरा गोळा बसतो तो मोजायचा. मी मोजला होता निवळ ओतायच्या आधीचा, तेही आठवणीतून, तेही दुसऱ्याच्या पातेल्यातला. पाणी जास्त झालं की चिक सोऱ्यातून धारेसारखा सुटतो, कागदावर पसरतो आणि वाळला की पापडही नाही न् कुरडईही नाही असं काहीतरी होतं. लेखात बदल केला आहे. कुणी माझं वाचून करून बसलं असेल तर त्या गव्हाबद्दल मनापासून क्षमा.

कुकरचंही बरोबर, पण थोडं खुलासेवार सांगायला हवं. ‘कुकर फुटला’ असं मी लिहिलं, ते खोटं आहे. कुकर फुटला असता तर मी हा लेख लिहिलाच नसता. उडाला तो सेफ्टी व्हॉल्व्ह. झालं असं, की लेकीनं पहिल्यांदाच एकटीनं वरण लावलं. डबे न लावता डाळ थेट छोट्या कुकरमध्ये, आणि तीही जवळजवळ काठापर्यंत. डाळ उकळताना फेस धरते, वर येते, तिची सालं शिट्टीच्या नळीत अडकतात. शिट्टी होत नाही, आत दाब वाढत जातो. अशा वेळेसाठीच तो व्हॉल्व्ह असतो. त्यातला धातू ठरावीक उष्णतेला वितळतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे त्यानं आपलं काम चोख केलं, फक्त वाफेबरोबर आमचं वरणही छताला गेलं. डाळ किंवा तांदळासारखं फुगणारं काही असेल तर कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, इतर काही असेल तर दोन तृतीयांशाच्या वर नाही. हे लेकीला कुणी सांगितलं नव्हतं. उलट, “थोडी जास्तच लाव, उद्यालाही होईल,” हे सांगितलं होतं. कुणी सांगितलं होतं, ते ओळखणं अवघड नाही.

तो डाग अजून आहे. हळदीचा डाग कपड्यावर पडला तर धुऊन उन्हात टाकला की उडतो. स्वयंपाकघराच्या छताला ऊन कुठून लागणार?

आता तिसरा प्रश्न.

तो वाचल्यावर मी माझाच लेख पुन्हा वाचायला घेतला, तुमचं म्हणणं खोडून काढायला. आणि एक मजेशीर गोष्ट दिसली. मजेशीर म्हणजे मला मजेशीर वाटली नाही. शाळेत आम्हाला मराठीच्या बाई वाक्यातला कर्ता ओळखायला लावायच्या. तोच खेळ मी माझ्या लेखाशी खेळलो. ‘रात्री नळ चालू राहिला.’ कर्ता कोण? नळ. ‘डाळ उडाली.’ कर्ता डाळ. ‘घाटात गाडी तापली.’ गाडी. ‘पहाटेपर्यंत फरशी पुसून झाली.’ यात तर कमालच आहे. फरशी स्वतःच पुसून झाली आणि आम्ही सगळे निजलो! आपली भाषा फार सोयीची आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, किल्ली हरवते, सगळं आपसूक. माणसानं काही करावं लागत नाही, आणि केलं असेल तर ते लिहावं लागत नाही.

अख्ख्या लेखात ‘मी’ असलेली फजिती एकच : ‘संक्रांतीला मी केलेली गुळपोळी तव्यावर फुटली.’ गूळ वितळून तव्याला चिकटला, धूर झाला, वगैरे. तिथं बरोबर ‘मी’ आला. कारण पुरुषानं गुळपोळी लाटायला घेतली हे वाचकाला कळायला हवं होतं.

तेव्हा नळाची गोष्ट पुन्हा सांगतो, कर्त्यासकट.

त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत दिवसाआड पाणी होतं. आमच्या वडिलांना पाण्याचा विषय निघाला की राहवत नाही. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुराचं ते सांगतातच, पण त्याहून जास्त सांगतात नंतरच्या दिवसांचं. नदीला एवढा पूर येऊन गेलेल्या गावात प्यायच्या पाण्याची मारामार होती, कारण शहराला पाणी देणारं धरणच गेलं होतं. त्यामुळे साठाहून जास्त वर्षं झाली तरी पिंप, बादल्या, कळशा, तांब्यासुद्धा भरून ठेवल्याशिवाय ते झोपत नाहीत. त्या रात्री ते म्हणाले, “पिंप भरलं का बघ.” मी मोरीतला नळ सोडला. नळानं सूं केलं, पाणी आलं नाही. मी तो तसाच सोडून झोपायला गेलो. मी. पिंपाखाली जाळीवर कपडे भिजवायचा टब होता, त्यानं जाळी झाकलेली. पाणी रात्री कधीतरी आलं. तीनला बायकोला जाग आली ती पायाला गार लागल्यामुळे.

लेखात मी लिहिलंय की ‘आम्ही’ पहाटेपर्यंत झटत होतो. तर त्याचा हिशेब असा : मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातली कागदपत्रं वर ठेवली, गादी गॅलरीत नेली, वडिलांना “काही नाही, झोपा” सांगितलं (ते झोपले नाहीत, खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि “पानशेत, पानशेत” म्हणत राहिले), आणि खालच्या मजल्यावरचे काका छतातून थेंब पडताहेत म्हणून वर आले तेव्हा त्यांना म्हणालो, “आमच्याकडून नळ राहिला हो.” बायको आणि आई खराटा, सुपली आणि जुन्या चादरी घेऊन पाणी ओढत होत्या. पाचला संपलं. साडेसहाला डबे तयार होते. ते डबे कुणी केले हा प्रश्न मला तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत पडलाच नव्हता.

पावसाळ्याचा भाग मी घाईत उरकला असं तुम्ही जाताजाता म्हटलंत. तेही खरं आहे, पण त्याचं कारण वेगळं. गॅलरीतली दोरी तुटून वाळत आलेले कपडे चिखलात पडले, एवढंच त्यात लिहिलं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यातल्या एकतानगरीत घरंच्या घरं पाण्यात गेली. त्यातलं एक ओळखीचं कुटुंब चार दिवस आमच्याकडे होतं. त्यांच्या गाळात गेलेल्या फ्रिजशेजारी आमची तुटलेली दोरी ठेवून विनोद करायला जमलं नाही. तिथं मी दारात उभा नव्हतो, एवढं मात्र सांगू द्या. घमेल्यानं गाळ उपसायला मी गेलो होतो. तीन दिवस. दुसऱ्याच्या घरातला गाळ उपसताना कमीपणा वाटत नाही, ही पण एक गंमतच.

आता सुट्टी. इथं मात्र तुमच्याशी थोडं भांडायचं होतं म्हणून बायकोला साक्षीला बोलावलं. तुमची प्रतिक्रिया तिच्यापुढे ठेवली. वाटलं, ती एकतर तुमची बाजू घेईल नाहीतर माझी. तिनं दोन्ही केलं नाही.

आधी म्हणाली, “त्यांना कळव, चिक हाटायला मला कुणी जुंपलेलं नाही. गरम चिकाच्या वाटीत दूध-साखर घालून पहिला घास मी खाते, त्यासाठी मी हाटते. आईंनाही मी ती वाटी देत नाही.” मग म्हणाली, “आणि नळ कुणी सोडला ते लिही. खालचे काका अजून मला जिन्यात ‘वहिनी, नळ बघत जा’ म्हणतात.”

हे मला माहीत नव्हतं. दीड वर्षं ते तिला म्हणताहेत.

देवरुखजवळच्या आमच्या घराबद्दल ती जे बोलली ते तुमच्या वाक्याइतकं सरळ नाही. मे महिन्यात तिथं पंधरा माणसं असतात हे खरं. सकाळी न्याहारीची भांडी घासून होईतो दुपारचा तांदूळ धुवायला घ्यावा लागतो. फणस कापला की विळीला, हातांना तेल लावा, चीक काढा, गरे सोला, मग भाजी. आढीतले आंबे रोज चाळायचे, एक नासका राहिला की शेजारचे चार जातात. आम्ही पुरुष पावसाआधी माकडांनी फोडलेली कौलं बदलतो, घर शाकारतो. हे काम दोन दिवसांचं, आणि त्या दोन दिवसांत चहा किती वेळा वर पाठवावा लागतो हे आमच्या वहिनींनी मोजलेलं आहे. आकडा मी इथं देत नाही. पण दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत त्या दोघी जावाजावा आणि काकू आडव्या होतात, तेव्हा ज्या गप्पा चालतात त्या पुण्यात वर्षभर होत नाहीत. “त्या गप्पांसाठी मी जाते,” बायको म्हणाली. “पण ती सुट्टी नव्हे. त्या म्हणतात ते बरोबर आहे. ते माहेरासारखं सासर आहे, इतकंच.”

“मग तुझी सुट्टी कुठली?” मी विचारलं. मला वाटलं, महाबळेश्वर म्हणेल, नाहीतर लग्नानंतरची ती केरळची सहल.

ती म्हणाली, “आंबा घाट.”

तुम्हाला आठवत असेल, लेखातली सर्वांत मोठी, मी अगदी रंगवून लिहिलेली फजिती तीच होती. परतताना साखरप्याहून घाट चढायला लागलो आणि अर्ध्यात गाडी तापली. बॉनेटमधून वाफ. (कर्ता : गाडी. खरं म्हणजे निघण्यापूर्वी कूलंट मी बघितलं नव्हतं.) रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, एवढं ठाऊक होतं म्हणून गुमान बसलो. फोनला रेंज नाही. एका ट्रकवाल्याबरोबर साखरप्याला निरोप धाडला. मेकॅनिक यायला तीन तास लागले. लेखात मी त्या तीन तासांत माझा चेहरा, मुलांची भूक, वडिलांची बडबड, सगळं लिहिलं. बायकोबद्दल एक ओळ होती : ‘सौभाग्यवती कठड्यावर बसून होत्या.’

तिनं सांगितलं ते असं. वळणावर एक आजी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. हिनं तिच्याकडून दोन द्रोण घेतले. एक मुलांना दिला, दुसरा कुणाला दिला नाही. कठड्यावर बसून खाली दरी बघत एकेक करवंद खाल्लं. गॅस नव्हता, पाणी नव्हतं, भांडं नव्हतं, त्यामुळे “आता जेवायला काय?” असं विचारण्यात कुणालाच अर्थ दिसत नव्हता. तीन तास तिला कुणी काही विचारलं नाही. “मेकॅनिक आला तेव्हा मला वाईट वाटलं,” ती म्हणाली.

परवा गाडी सर्व्हिसिंगला टाकली. यंदा पुन्हा देवरुख आहे, म्हणून मी गॅरेजवाल्याला फोनवर बजावत होतो, कूलंट नीट बघा, होज पाइप बघा. ती शेजारी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कशाला?”