आधीच सडवलेला माल

परवा मार्केट यार्डात माझी वाईन केळ्यांच्या शेजारी नांदायला जाता जाता राहिली. ती राहिली याचं वाईट वाटावं की बरं, हे अजून ठरत नाहीये. राग मात्र ताजा आहे.

घरातला वाईनचा छोटा फ्रीज एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात बसला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट चीनहून येईल. कधी, ते चीनला विचारा. बाटल्या 31. दहा वर्षांत कधी नाशिकला, कधी अकलूजला जाऊन एकेक करून जमवलेल्या. वाईनला लागतात 12 ते 14 अंश, अंधार, थोडी दमट हवा आणि शांतता. पैकी एकही गोष्ट आमच्या घरी मिळत नाही. एसीची एकमेव खोली गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या सासूबाईंकडे. फ्रीज रिकामा करताना शिराझ या लाल वाईनची एक बाटली त्यांच्या हाती लागली. लेबलवर 'दिंडोरी' वाचून त्यांनी आधी हात जोडले, मग चष्मा लावला. तेव्हापासून आमचं बोलणं 'चहा ठेवलाय' एवढ्यावर आलंय.

लंडनचा भाचा म्हणाला, "मामा, बाहेर ठेवायला दे ना. इथे सगळे तेच करतात." तिकडे विल्टशायरमध्ये कॉर्शम गावाजवळ जुन्या दगडखाणीत, जमिनीच्या पोटात, लोक भाडं भरून वर्षानुवर्षं बाटल्या ठेवतात. कित्येकांनी आपली बाटली डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. मला आपलं हरिपूर आठवलं. सांगलीशेजारच्या या गावात हळद खोल पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यांत, ठेवायची पद्धत. वर्षं गेली तरी माल जसाच्या तसा. 2005 च्या पुराने त्यातली बरीच पेवं बुडवली. आता मराठीत पेव उरलंय ते फुटण्यापुरतं. क्लासेसचं फुटतं, मिसळ महोत्सवांचं फुटतं. एक माझ्यासाठी खणलं असतं तर काय बिघडलं असतं?

हिंजवडीत एक चकचकीत गोदाम आहे. खोल्या भाड्याने, 'वातानुकूलित'. म्हणजे 24 अंश, तेही संध्याकाळी सातपर्यंत, रविवारी बंद. शिवाय त्यांच्या फॉर्ममध्ये दारू, जिवंत प्राणी आणि स्फोटकं एकाच ओळीत होती. सही न करता परतलो.

मग कुणीतरी मार्केट यार्डातलं कोल्ड स्टोरेज सुचवलं. बाटल्या गोणपाटात गुंडाळून डिकीत घातल्या आणि गेलो. तिथले दिवाणजी एप्रिलच्या उन्हात हाफ स्वेटर घालून बसले होते. खातेवहीची पानं पंख्याने उडू नयेत म्हणून वर गोठलेल्या मटारचं पाकीट.

"काय माल?"

"वाईन."

"किती टन?"

"31 बाटल्या."

त्यांनी पेन परत कानावर ठेवलं. "टेंपरेचर?"

"तेरा."

"मग सरळ केळी म्हणा की! बटाटा चार, आइस्क्रीम उणे वीस, केळी तेरा. त्याच्या खाली गेलं की साल काळी पडते. तुमच्या मालाचं काय काळं पडतं?"

खरं सांगतो, मला भरून आलं. तेरा हा आकडा ऐकून न हसलेला हा पहिला माणूस. पण ते सुख तेवढंच.

"या आडव्या ठेवाव्या लागतील," मी म्हटलं.

"का, उभ्या दमतात?"

"बूच ओलं राहावं लागतं. सुकलं तर आत हवा जाते."

"मग प्लॅस्टिकचं झाकण बसवून घ्या. किती दिवस ठेवायचं?"

"सात-आठ वर्षं."

"आमच्याकडे केळी चार दिवसांत पिवळी होऊन बाहेर पडतात, साहेब. आठ वर्षांनी भाव किती येईल?"

"विकायच्या नाहीत. प्यायच्यात."

"मग आत्ता प्या."

या प्रश्नावर, म्हणजे हा प्रश्नही नव्हता, दहा वर्षांत मला उत्तर सुचलेलं नाही. बायकोही हेच विचारते. मी विषय बदलून म्हटलं, माल खराब झाला तर जबाबदारी कुणाची?

"द्राक्षं सडवूनच करतात ना ही?"

"आंबवून."

"तेच ते. आधीच सडवलेला माल. आता आणखी काय सडणार?"

मागे थप्पीला टेकलेला हमाल खो खो हसला. दिवाणजींपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. मी केळी पिकवायच्या गॅसचा विषय काढून पाहिला. दिवाणजी उलट खूश. "गॅस लागला तर तुमचं आठ वर्षांचं काम चार दिवसांत उरकेल!"

मग वजन झालं. 39 किलो. हमाली, तोलाई, आणि भाडं कमीत कमी एक टनाचं. खातेवहीत मालाच्या रकान्यात त्यांनी क्षणभर विचार करून लिहिलं: 'द्राक्षे (पातळ)'.

हसू नका. या राज्यात मी 1000 रुपये भरून आजन्म परवाना काढलाय, जो मला आरोग्याच्या जतनासाठी पिण्याची मुभा देतो. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन ठेवावी की नाही यावरून राज्यभर रणकंदन झालं. वाईन दारू आहे का, यावर सगळ्यांना मत होतं. ती ठेवायची कशी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार 1800 ची बाटली काचेच्या कपाटात, पश्चिमेच्या उन्हात, अख्खा मे महिना उभी ठेवतो. त्याला कुणी हसत नाही. मी आडवी ठेवा म्हटलं की विनोद होतो.

असो. "शेठना विचारून उद्या सांगतो," दिवाणजी म्हणाले. "पण वानगी द्यावी लागेल. माल बघितल्याशिवाय आम्ही घेत नाही." आणि कांद्याच्या गोणीतून मूठभर कांदा काढावा इतक्या सहज त्यांनी एक बाटली उचलली. 31 मधून नेमकी अकलूजची सेट्टे. चार वर्षं जपलेली. मी 'ती नको' म्हणेपर्यंत ती मटारशेजारी उभी होती. उभी!

हमाली दोन्ही वेळची घेतली. गाडीतून काट्यावर, काट्यावरून गाडीत. बाटल्या सध्या दिवाणखाली, ओल्या गोणपाटात आहेत. बायकोला वाटतं कपडे भिजत घातलेत.

आज सकाळी दिवाणजींचा फोन आला.

"साहेब, शेठ नाही म्हणतात. केळ्यांना वास लागेल. आणि तुमचा माल उतरलाय बरं का. आंबट लागला. साखर घातली, बर्फ घातला, तरी तुरटपणा जाईना. उरलेल्या 30 लवकर काढून टाका. भाव मिळतोय तोवर."